नावाची तलवार, नंबराची तलवार

२०२५ च्या एप्रिलअखेर लंडनला सदबीजच्या लिलावात नागपूरकर भोसल्यांची एक फिरंग विक्रीला निघाली. पाते युरोपात घडलेले, मूठ मराठी धाटणीची, आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघोजी भोसल्यांचे नाव आणि सेनासाहेबसुभा हा किताब. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती घेतली, एकूण खर्च सुमारे ४७ लाख रुपये आला, आणि ऑगस्टमध्ये तलवार मुंबईत पोहोचली. त्याआधी मे २०२३ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात टिपू सुलतानाच्या शयनगृहातली तलवार १ कोटी ४० लाख पौंडांवर गेली होती. अशा बातम्या आल्या की जुन्या घरांतल्या माळ्यांवरून, देवघरांतून आणि ट्रंकांतून तलवारी खाली उतरतात. पणजोबांच्या तलवारीचे किती येतील, ही विचारणा सुरू होते.

या विचारणेचे उत्तर बहुधा हिरमोड करणारे असते. माळ्यावरची तलवार पुष्कळदा राजाची नसते, सरदाराचीही नसते. ती एकोणिसाव्या शतकातली लष्करी तलवार असते. बर्मिंगहॅम किंवा सोलिंगेनच्या कारखान्यात घाऊक बनलेली, ठरलेल्या मापाची, तपासनिसाचा शिक्का बसलेली आणि कुणा अनाम स्वाराच्या कमरेला राहिलेली. बाजार तिला दुय्यम मानतो. पण जुन्या शस्त्रांचा संग्रह ज्याला गंभीरपणे करायचा आहे, त्याच्यासाठी हीच तलवार सर्वांत बोलकी आहे. नावाच्या तलवारीवर विश्वास ठेवावा लागतो. नंबराची तलवार तपासून पाहता येते. आपल्याकडे या दोन्हींमधला फरक फारसा कुणी करत नाही, आणि त्याचे नुकसान खिशालाही होते आणि इतिहासालाही.

घाऊक शस्त्राचे शतक

अठराव्या शतकात ब्रिटिश पलटणीचा कर्नल आपल्या पसंतीने तलवारी खरेदी करी. दोन पलटणींच्या तलवारी सारख्या असतील याची खात्री नव्हती, आणि पोलाद चांगले असेल याची तर मुळीच नव्हती. इंग्रजी पाती वाकतात, जर्मनीतल्या सोलिंगेनची टिकतात, असा बोलबाला होता. बर्मिंगहॅमच्या टॉमस गिल या कारखानदाराने तुलनात्मक कसोटीची मागणी लावून धरली आणि १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या खरेदीच्या निमित्ताने ती झाली. पाते वाकवायचे, सोडायचे, आणि ते मोडते की वाकलेलेच राहते ते बघायचे. गिलच्या २,६५० पात्यांपैकी फक्त ४ नापास ठरली, जर्मनीच्या १,४०० पैकी २८, आणि बाकीच्या इंग्रज कारखानदारांच्या २,७०० पैकी तब्बल १,०८४. हिंदुस्थानातल्या फौजांसाठी चाललेल्या खरेदीतून ‘तपासलेली तलवार’ ही कल्पना अशी पक्की झाली. पुढच्या शतकातले सगळे शिक्के, ठसे आणि नंबर या कल्पनेची संतती आहेत.

दुसरा टप्पा १७९६ चा. फ्लँडर्सच्या मोहिमेत, १७९३–९४ मध्ये, जॉन गॅस्पार्ड ल मार्शंट या अधिकाऱ्याने पाहिले की ब्रिटिश स्वारांची तलवार बेढब आहे आणि ती चालवायला कुणी नीट शिकवलेलेही नाही. बर्मिंगहॅमच्या हेन्री ऑस्बर्नला हाताशी धरून त्याने हलक्या घोडदळासाठी नवी तलवार बसवली. सुमारे ३३ इंचांचे वक्र पाते, टोकाकडे रुंद होत जाणारे, आणि रिकिबीसारखी साधी एका दांड्याची परज. वजन किलोभराच्या आत. केवळ वार करण्यासाठी घडवलेले हे शस्त्र इतके नावाजले गेले की प्रशियाने १८११ मध्ये जवळपास तसेच आपल्या घोडदळाला दिले. ल मार्शंट स्वतः १८१२ मध्ये सालामांकाच्या लढाईत घोडदळाचा हल्ला चढवताना पडला. त्याची तलवार मात्र हिंदुस्थानात शतक उतरेपर्यंत चालत राहिली. ते पुढे येईलच.

यानंतरचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे एका न सुटलेल्या वादाचा इतिहास आहे. तलवारीने वार करायचा की भोसकायचे? वाराला वक्र पाते हवे, भोसकायला सरळ. दोन्ही साधणारे पाते काढण्याच्या नादात ब्रिटिश घोडदळाचे नमुने बदलत गेले: १८२१, १८५३, १८६४, १८८२, १८८५, १८९०, १८९९. मध्येच १८८४–८५ च्या सुदान मोहिमेत संगिनी आणि तलवारी वाकल्याच्या तक्रारी आल्या, वर्तमानपत्रांत गहजब झाला, चौकशी बसली. अखेर १९०८ मध्ये निव्वळ भोसकण्यासाठी बनवलेली सरळ, सडपातळ तलवार आली. राजा सातव्या एडवर्डला ती कुरूप वाटली होती, पण घोड्यावरच्या तलवारींत ती सर्वांत उत्तम ठरली असे जाणकार मानतात. तोवर मशीनगनही फौजेत रुळली होती. उत्तर सापडले तेव्हा प्रश्नच उरला नव्हता.

संग्राहकाला या धरसोडीचा फायदा आहे. नमुना वारंवार बदलल्यामुळे तलवार हातात घेताच तिचा काळ बऱ्याच अंशी ठरवता येतो. पायदळ अधिकाऱ्यांचेही तसेच. १८२२ ची पितळी, जाळीदार मूठ. १८४५ नंतर तिला बसलेले विल्किन्सन धाटणीचे नाळीदार पाते. १८९५ ची पोलादी मूठ आणि १८९७ मध्ये तिच्यात झालेली किरकोळ सुधारणा. शेवटचा नमुना ब्रिटिश पायदळाचे अधिकारी संचलनात अजून वापरतात.

इतर देशांतला पसारा थोडक्यात सांगायचा तर फ्रान्सचा १८२२ चा घोडदळी सेबर सर्वांत प्रभावी ठरला. अमेरिकेचा १८४० चा नमुना त्याच्यावरूनच उचलला, आणि १८६० मध्ये त्याची हलकी आवृत्ती निघून ती यादवी युद्धात हजारोंनी वापरली गेली. जपानने १८७६ मध्ये सामुराईंना जाहीरपणे तलवार बाळगायला बंदी केली आणि नव्या फौजेला युरोपी मुठीच्या तलवारी दिल्या. काही अधिकाऱ्यांनी त्या मुठींत घराण्यातली जुनी पाती बसवून घेतली. प्रत्येक देशाचा संग्रह हा स्वतंत्र अभ्यास आहे. नवख्याने एकच देश, एकच शस्त्रशाखा धरावी.

तलवार वाचायची कशी

समजा, एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश पायदळ अधिकाऱ्याची तलवार समोर आहे. पहिल्यांदा म्यानातून उपसू नये. आधी मूठ बघावी. पितळी जाळीत लंबगोल चौकट आहे, तिच्यात राज्यकर्त्याची आद्याक्षरे आणि वर मुकुट. चौथ्या जॉर्जची अक्षरे असतील तर १८२० ते १८३०, चौथ्या विल्यमची असतील तर १८३० ते १८३७, व्हिक्टोरियाची असतील तर १८३७ ते १९०१. मुकुटाची कमानही बघावी, कारण १९०१ नंतर ती बदलली. सुरुवातीच्या मुठींत परजेचा आतला भाग बिजागरीवर मिटतो, म्हणजे तलवार कमरेला नीट बसावी. हा मिटणारा कान असेल तर तलवार शतकाच्या पूर्वार्धाकडची.

मग पकड. लाकडावर खवल्यांसारखे खरखरीत कातडे असते. ते पाकट या माशाचे असते, आणि त्याच्या खोबणीतून पितळेची किंवा चांदीचा मुलामा दिलेली पिळाची तार गुंडाळलेली असते. तार सैल आहे की घट्ट, कातडे कुठे घासले आहे, यावरून तलवार कपाटात राहिली की हातात, ते कळते. मुठीच्या टोकाला पात्याची शेपटी बाहेर काढून ठोकून बसवलेली असते. या ठोकलेल्या बटणावर ताजे घाव, वेल्डिंगची खूण किंवा कानसीचे ओरखडे दिसले तर सावध व्हावे. मूठ कधीतरी उघडली गेली आहे.

आता पाते उपसावे. मुठीलगत एका बाजूला कारखानदाराचे किंवा दुकानदाराचे नाव असते. यात नवखे फसतात: पुष्कळ नावे बनवणाऱ्यांची नसून विकणाऱ्यांची असतात. लष्करी शिंपी आणि गणवेशाचे व्यापारीही आपले नाव घालून तलवारी विकत. आर्मी अँड नेव्ही सोसायटी ही लंडनची पेढीही तशीच. तिची शाखा १८९१ मध्ये मुंबईत निघाली आणि काळा घोड्याजवळची तिची इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते. दुसऱ्या बाजूला षट्कोनी तारा आणि मध्ये पितळेची टिकली: पाते कसोटीला उतरल्याची ती ग्वाही. विल्किन्सनच्या वरच्या प्रतीच्या तलवारींत या टिकलीवर हेन्री विल्किन्सनची आद्याक्षरे असतात. आणि पात्याच्या जाड पाठीवर, मुठीजवळ, बारीक आकड्यांत नंबर.

हा नंबर म्हणजे संग्राहकाचा खजिना. विल्किन्सनने १८५४ पासून अधिकाऱ्यांच्या तलवारींना अनुक्रमांक घालून त्यांची वही ठेवली आणि या वह्या टिकल्या आहेत. नंबरावरून तलवार कधी विकली गेली ते निघते आणि पुष्कळदा पहिला गिऱ्हाईक कोण तेही कळते. मग लष्करी याद्यांतून त्या अधिकाऱ्याची नेमणूक, मोहिमा, मृत्यू यांचा माग काढता येतो. हेन्री विल्किन्सन मूळचा बंदुकांचा कारागीर; १८४४ च्या सुमारास तो तलवारींकडे वळला आणि पात्यांच्या कसोटीसाठी त्याने खास यंत्र बनवले. कंपनीने तलवारी बनवणे २००५ मध्ये थांबवले, पण वह्यांमुळे तिच्या तलवारी अजून आपली ओळख सांगू शकतात.

पात्यावर आम्लाने उठवलेली नक्षी असते: वेलबुट्टी, राजचिन्ह, कधी पलटणीचे नाव किंवा अधिकाऱ्याची आद्याक्षरे. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या तलवारींवर राजाच्या अक्षरांच्या जागी मुकुट धरलेला, मागच्या पायांवर उभा सिंह दिसतो. १८५८ मध्ये कंपनीची सत्ता गेली आणि हा सिंहही मागे पडला. शेवटी धार बघावी. शांततेत तलवार बोथटच असे, मोहिमेवर निघताना तिला धार लावून घेत. पात्याच्या खालच्या दोन-तृतीयांश भागाला सुबक धार आणि वरचा भाग बोथट असेल तर ही तलवार लढाईवर जाण्याच्या तयारीने बाहेर पडलेली आहे.

साध्या स्वाराची तलवार वेगळ्या लिपीत बोलते. तिच्यावर नक्षी नसते, ठसे असतात. मुकुट, त्याखाली एक अक्षर आणि आकडा: अक्षर तपासणीचे ठिकाण सांगते, म्हणजे बर्मिंगहॅम, एनफिल्ड की सोलिंगेन, आकडा तपासनिसाचा. परजेवर रेजिमेंटचे संक्षिप्त नाव, तारीख आणि मांडणीतला क्रमांक. सरकारी मालकीची खूण म्हणून बाण. इंडिया स्टोअर्स खात्याच्या तलवारींवर बाणाबरोबर त्या खात्याची तीन अक्षरे. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर तलवार सेवेतून काढून विकली गेली. फ्रेंचांनी तर पाठीवर सरळ वाक्यच कोरले: कारखान्याचे नाव, महिना आणि साल. त्यातही कारखाना ‘शाही’ आहे, ‘राष्ट्रीय’ आहे की ‘बादशाही’, यावरून पॅरिसमध्ये त्या वर्षी कोणाचे राज्य होते ते कळते.

हिंदुस्थानात आलेली पाती

युरोपी पात्याला देशी मूठ बसवण्याची रीत मराठ्यांच्या काळापासूनची. फिरंग म्हणजे तेच. हे सहज शक्य व्हायचे कारण जोडणीच्या पद्धतीत आहे. युरोपात शेपटी मुठीतून आरपार काढून ठोकतात. आपल्याकडे पोकळ मुठीत वितळलेली लाख-राळ ओतून आखूड शेपटी रुतवतात. मूठ गरम केली की पाते सुटते, दुसरे बसते. शिकलगाराला हे काम अर्ध्या दिवसाचे. म्हणून आपल्याकडच्या तलवारीत मूठ एका शतकातली आणि पाते दुसऱ्यातले असले तर ती लगेच नकली ठरत नाही. ती आयुष्यभर वापरात राहिली, इतकाच त्याचा अर्थ असू शकतो.

१७९६ च्या पात्याची सर्वांत चांगली साक्ष हिंदुस्थानातूनच मिळते. कॅप्टन लुई नोलन हा घोडदळाचा अधिकारी मद्रास इलाख्यात नोकरीला होता. निजामाच्या फौजेतल्या स्वारांनी एका चकमकीत केलेल्या जखमा ऐकून तो थक्क झाला. मुंडकी उडालेली, हात एका घावात तुटलेले. असे कोणते खास पोलाद हे लोक वापरतात म्हणून चौकशी केली तर निघाले काय, तर ब्रिटिश ड्रगून्सनी टाकून दिलेली जुनी पाती, देशी मुठींत बसवलेली. फरक दोनच होते. एक, धार वस्तऱ्यासारखी. दोन, म्यान लाकडाचे. ब्रिटिश स्वार तीच तलवार लोखंडी म्यानात खडखडवत, कवायतीत शंभर वेळा उपसत-घालत धार घालवून बसत. हे स्वार कामाखेरीज तलवार उपसतच नसत. नोलनने १८५३ च्या आपल्या पुस्तकात हे सविस्तर मांडले. पुढच्याच वर्षी २५ ऑक्टोबरला बालाक्लाव्हा येथे लाइट ब्रिगेडच्या प्रसिद्ध हल्ल्यात तो मारला गेला. निजामाच्या या फौजेच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली भागात होत्या. मराठवाड्यात एखाद्या घरी देशी मुठीत बसलेले, टोकाकडे रुंद होणारे, एका नाळीचे पाते सापडले तर त्याच्या मुठीलगत बर्मिंगहॅमचा ठसा शोधून बघायला हरकत नाही.

दुसरा धागा शिलेदारी पद्धतीचा. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणाऱ्या शिलेदाराची मराठी रीत इंग्रजांनी आपल्या हिंदुस्थानी घोडदळात उचलली. १८१७ च्या पुणे तहातून उभी राहिलेली पूना हॉर्स याच जातकुळीतली. बंदूक सरकार देई. घोडा, खोगीर आणि तलवार ही स्वाराची बाब. व्यवहारात रेजिमेंट स्वारांच्या पैशांतून एकदम खरेदी करी आणि आपल्या आवडीप्रमाणे नमुना सांगे. त्यामुळे एकीकडे लंडनमधले सरकार एक ठरीव नमुना काढत असताना इथे प्रत्येक रेजिमेंटची तलवार निराळी. कुणाला देशी मूठ हवी, कुणाला तीन दांड्यांची परज, कुणाला १७९६ चेच रुंद पाते. बर्मिंगहॅमच्या रॉबर्ट मोल अँड सन्सने देशी घाटाच्या मुठींसह अशा कितीतरी तलवारी बनवल्या आणि पात्याच्या पाठीवर आपले नाव घातले. १९०८ ची भोसकणारी तलवार आली तेव्हाही हिंदुस्थानी स्वारांसाठी लहान पकडीची वेगळी आवृत्ती काढावी लागली. पहिल्या महायुद्धानंतर शिलेदारी पद्धत मोडीत निघाली.

जगभरच्या संग्राहकांना हा भाग आता आता आकर्षू लागला आहे आणि अभ्यासाला सर्वांत जास्त वाव इथेच आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या तलवारींवर ग्रंथ आहेत. हिंदुस्थानी स्वाराच्या तलवारीवर मोजकेच लेखन आहे, आणि तेही बहुतेक इंग्लंडात बसून केलेले.

खोट्याच्या चार जाती

पहिली जात संपूर्ण नव्या तलवारीची. देहरादूनमध्ये सैन्याच्या समारंभांसाठी, चित्रपटांसाठी आणि निर्यातीसाठी उघडपणे प्रतिकृती बनतात. तो रीतसर धंदा आहे. फसवणूक पुढे होते, जेव्हा कुणी ती तलवार आम्लात बुडवते, शेणात पुरते आणि जुनी म्हणून विकते. ओळख वजनात आहे. अस्सल पाते मुठीकडे जाड आणि टोकाकडे पातळ होत जाते. पाठीवरून बोट फिरवले की ते जाणवते. स्वस्त प्रतिकृती पत्र्यातून कापल्यासारखी सगळीकडे सारख्या जाडीची, आणि हातात धरली की टोक जमिनीकडे ओढते. दुसरी खूण गंजाची. जुना गंज गडद, घट्ट आणि ठिकठिकाणी खोल. आम्लाने आणलेला गंज नारिंगी आणि सगळीकडे सारखा.

दुसरी जात जुळवलेल्या तलवारींची: मूठ एका नमुन्याची, पाते दुसऱ्याचे, म्यान तिसऱ्याचे. तिन्ही अस्सल, एकत्र मात्र खोटे. आपल्याकडची देशी जोडणी आणि बाजारात गेल्या महिन्यात केलेली जोडणी यांतला फरक लाखेच्या रंगात, मुठीतल्या धुळीत आणि पाते-मुठीच्या सांध्यात दिसतो.

तिसरी जात सजवलेल्यांची. साध्या पात्यावर नवी कोफ्तगिरी करून सोन्याच्या तारेने नाव घालायचे. चौथी त्याहून चतुर: शिक्के आणि रेजिमेंटचे नंबर नव्याने ठोकायचे. जुन्या ठशाच्या कडा गोलसर आणि तळ आजूबाजूच्या पृष्ठभागाइतकाच काळवंडलेला असतो. नव्या ठशाच्या कडा उठावदार राहतात. साधे दहापट भिंग पुरते.

नावाच्या तलवारीला आणखी एक कसोटी लावावी: ही गोष्ट कागदाशी जुळते का? ८ फेब्रुवारी १८५७ रोजी इराणमध्ये खुशाबच्या लढाईत बॉम्बे लाइट कॅव्हलरीच्या ३ ऱ्या पलटणीने इराणी पायदळाचा चौकोन फोडला. लेफ्टनंट आर्थर मूर संगिनींवरून घोडा उडवून आत पडला. घोडा जागीच मेला, पडताना मूरची तलवार मोडली, आणि लेफ्टनंट माल्कमसनने रिकिबीचा आधार देऊन त्याला बाहेर काढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उद्या कुणी खुशाबमध्ये मूरने चालवलेली अखंड, चकचकीत तलवार विकायला काढली तर खरेदीदाराला मूरची कथा माहीत असणे हे भिंगाइतकेच उपयोगी.

लिंबू, राख आणि पॉलिश

आपल्याकडे तलवारींचे सर्वांत जास्त नुकसान चोरांनी किंवा भंगारवाल्यांनी नाही, प्रेमाने केले आहे. खंडेनवमीला शस्त्रे काढायची, चिंच-लिंबाने घासायची, राखेने चकाकवायची, ओल्या हळदीकुंकवाची बोटे लावायची, फुले वाहायची आणि दसरा झाला की तशीच म्यानात कोंबायची. आम्लाने पोलाद खाल्ले जाते, ओलावा म्यानात अडकतो आणि पुढच्या नवमीपर्यंत कुंकवाच्या ठिपक्याखाली खड्डा पडलेला असतो. दरवर्षी घासल्याने आम्लाची नक्षी पुसली जाते, ठसे बुजतात, पाठीवरचा नंबर नाहीसा होतो. म्हणजे तलवारीची जी ओळख होती तीच आपण चिंचेने धुऊन काढतो. पारंपरिक हिंदुस्थानी पोलादाच्या पात्यांवर जौहराची लहर असते. ती यांत्रिक पॉलिशने एका दुपारीत दिसेनाशी होते. तज्ज्ञाकडून ती पुन्हा उठवता येते, पण प्रत्येक वेळी पाते थोडे झिजते.

पूजा थांबवायची गरज नाही. कुंकवाचे बोट मुठीला बांधलेल्या कापडी पट्टीला लावावे, पात्याला नाही. घामाच्या हातांनी पाते धरू नये. बोटांचे ठसे काही दिवसांत गंजून उमटतात. सुटा गंज मऊ कापड आणि पातळ मशीन ऑइलने सावकाश काढावा, पॉलिश पेपर आणि वायर ब्रश लांब ठेवावे. चामडी म्यान पावसाळ्यात ओलावा धरते आणि कातडे कमावतानाची रसायने पोलादाला लागतात. कोकणात आणि मुंबईत तर जून ते ऑक्टोबर तलवार म्यानाबाहेर, तेलाचा किंवा मेणाचा पातळ हात देऊन, कोरड्या कापडात ठेवावी. सैल मूठ डिंकाने किंवा एपॉक्सीने भरू नये. जे पुन्हा उघडता येत नाही ते करू नये, हा एकच नियम लक्षात ठेवला तरी पुरे.

कायद्याची चौकट

हिंदुस्थानात तलवारी कमी का उरल्या याचे एक उत्तर कायद्यात आहे. १८५७ नंतरच्या निःशस्त्रीकरणात हत्यारे ढिगांनी गोळा झाली आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने उरलेल्यांवर परवान्याचे बंधन आले. आजचा शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे वेगळ्या वर्गात येतात. अशी शस्त्रे बनवणे, विकणे, आयात किंवा निर्यात करणे परवान्याशिवाय चालत नाही. नुसती घरात बाळगायला परवाना लागतो की नाही, हे त्या भागासाठी केंद्राची तशी अधिसूचना आहे का यावर ठरते. सार्वजनिक जागी तलवार नेणे हा निराळाच विषय. महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश वारंवार निघतात आणि प्रदर्शनाला नेलेली तलवारही त्यात अडकू शकते. विकत घेण्याआधी आपल्या पोलीस ठाण्यात लेखी विचारून घ्यावे.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांहून जुनी तलवार पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी राहणाऱ्या मुलाला घराण्यातली तलवार कुरिअर करणे हा गुन्हा आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. उलट, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला तिथल्या लिलावात खुशाल बोली लावता येते. तिथे २००८ पासून ५० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब वक्र तलवारींच्या विक्रीवर बंदी आहे, पण शंभर वर्षांहून जुन्या तलवारींना सूट आहे. हस्तिदंताची पकड असेल तर मात्र दोन्हीकडे थांबावे. १८३१ पासून ब्रिटिश जनरल वापरत असलेल्या मामलुक घाटाच्या जुन्या तलवारींना ती असते. आपल्याकडे हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव कायद्याने बंद आहे आणि ब्रिटनने २०१८ च्या कायद्याने तो जवळजवळ बंद केला आहे.

किंमत कशाची

बाजाराचा हिशेब ढोबळमानाने असा: अधिकाऱ्याची तलवार स्वाराच्या तलवारीपेक्षा महाग, नाव सिद्ध झालेली निनावीपेक्षा महाग, न घासलेली घासलेल्यापेक्षा महाग, आणि जुळणाऱ्या म्यानासकट असलेली म्यानाविना असलेल्यापेक्षा महाग. पण यातला कळीचा शब्द ‘सिद्ध’ हा आहे. मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात प्रत्येक तलवारीला एक सरदार चिकटवलेला असतो. ती कथा फुकट ऐकावी, तिचे पैसे देऊ नयेत. पैसे ठशाचे, नंबराचे, कागदाचे आणि हातातल्या पोलादाचे.

सार्वजनिक संग्रहांचीही थोडी जबाबदारी आहे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय आणि कोल्हापूरचा नवा राजवाडा इथे शस्त्रांची दालने आहेत. आपल्याकडे दालनांत गर्दी होते ती थोर नावांच्या शस्त्रांपुढे. पलीकडच्या भिंतीवरची परजेवर नंबर असलेली तलवार बहुधा पाटीवरच्या दोन शब्दांत आटोपते. तो नंबर टिपून प्रसिद्ध केला तर कोणत्या रिसाल्याने कोणत्या साली काय खरेदी केले, ती तलवार दख्खनच्या स्वाराकडे होती की पंजाबच्या, हे जुळवता येईल. राजेसरदारांच्या मोहिमांचे कागद आपल्याकडे पुष्कळ आहेत. पगार कापून घेऊन तलवार विकत घेणाऱ्या शिलेदाराच्या बाजूने बोलणारा कागद क्वचित सापडतो. त्याच्या परजेवरचा ठसा मात्र आहे.

घरात तलवार असलेल्याने एवढे करावे: न घासता चांगल्या उजेडात मूठ, परज, पात्याचे बूड, पाठ आणि टोक यांचे फोटो काढावेत. पात्याची लांबी सरळ रेषेत मोजावी, रुंदी आणि वजन लिहावे. दिसतील ते ठसे जसेच्या तसे उतरवावेत. घरात चालत आलेली हकीकत कोणी, कधी सांगितली यासह वेगळ्या कागदावर लिहावी आणि वर ‘ऐकीव’ असे स्पष्ट घालावे. हा कागद तलवारीबरोबर राहिला तर ती विकायची की ठेवायची, संग्रहालयाला द्यायची की नातवाला, हे पुढची पिढी डोळे उघडे ठेवून ठरवू शकेल.